बाळोबाचा चांगला दिवस

पानमळ्यांच्या एका गावात बाळोबा नावाचा माळी राहत होता. माणूस कष्टाळू, देवभोळा आणि बोलायला मोठा गोड. श्रावणात तिथल्या महादेवाच्या देवळात पुराण लागे. गावाची एक रीत होती. पोथी उघडण्याआधी पुराणिकबुवा विचारत, "काल काय ऐकलंत?" मग श्रोत्यांपैकी एकाने उठून कालचा भाग सांगायचा. सगळे बाळोबाकडे बघत. तो सांगू लागला की खुद्द बुवांना वाटे, अरे, हा तर माझ्याहून बरं सांगतोय!

नुसतं देवळात सांगून त्याचं भागत नसे. मळ्यात, पाटावर, चावडीपुढे, जो भेटेल त्याला गाठून तो शहाणपण शिकवी. त्याचं ऐकून एक रुसलेली सून माहेराहून परत आली. दोघा शेजाऱ्यांनी बांधाचं भांडण मिटवलं. गाव त्याला मानाने अप्पा म्हणू लागलं.

आता या अप्पाचं स्वतःचं घर बघा. त्याचा धाकटा भाऊ रखमाजी कुंपणापलीकडेच राहत होता. बाळोबाच्या मुलीच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले गेले आणि नवरीचा सख्खा काका तेवढा बोडका राहिला. चूक बाळोबाची होती, गडबडीत राहून गेलं. पण तिथल्या तिथे कान धरायचे सोडून तो म्हणाला, "घरच्या माणसाला कसला आलाय मानपान?" रखमाजी भरल्या मांडवातून न जेवता उठला. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. पूर्वी वाढलेल्या पानवेली खाली उतरवून पुन्हा बांधायच्या दिवसांत दोघे एकमेकांच्या मळ्यात राबत. आता दोघेही मजूर लावत.

श्रावण सरता सरता एके दिवशी बुवांनी सांगितलं, "रुसव्यात ज्याची चूक असेल, त्याने आधी दुसऱ्याचं दार गाठावं. आणि हे कळलं त्याच दिवशी गाठावं." बाळोबाच्या डोळ्यांना धार लागली. दुसऱ्या दिवशी त्याने तोच भाग असा काही सांगितला, की देवळातल्या बाया पदराने डोळे पुसत घरी गेल्या.

घरी आल्यावर त्याची बायको सोनाई म्हणाली, "मग निघा की. मी ताट झाकून ठेवते."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? भावजींकडं."

बाळोबाने पंचांग काढलं. "आज शनिवार आहे. भावाशी गोड व्हायचं म्हणजे शुभकार्य. ते का असं कुठल्याही वारी उरकायचं?"

"बुवांनी वार सांगितला होता?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

सोनाई चुलीकडे वळली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," एवढंच ती पुटपुटली. बाळोबाने ते ऐकलं न ऐकलंसं केलं.

मग गणपती आले. घरात देव बसलेला असताना रडारड नको, म्हणून राहिलं. मग पितृपंधरवडा लागला. त्यात तर शुभ काम काढायचंच नाही! बाळोबाने ठरवलं, घट बसले की जायचं. नवा फेटा न्यायचा, नारळ न्यायचा, भावाला पोटाशी धरायचं. त्याच्या मनात ते खरंच होतं हो. वाईट माणूस नव्हता तो. रोज निजताना ती भेट डोळ्यांपुढे आणायचा आणि त्याला इतकं बरं वाटायचं, की जणू जाऊनच आलाय.

एका सकाळी रखमाजीची बायको गंगू कुंपणाशी आली. "मोठे भावजी, यांचा ताप हटत नाही. वैद्यांनी हात टेकलेत. सारखी तुमची आठवण काढतात. जरा चला."

बाळोबाने एक पाय उचललासुद्धा. आणि मग, काय म्हणावं या माणसाला, तो बोटांवर तिथी मोजू लागला.

"पितृपक्ष चाललाय गंगू. अशा दिवसांत आजाऱ्याच्या घरी रुसवा काढायला जाणं बरं नव्हे. रखमाला सांग, घट बसले की दादा येतो. आता राहिलेत कितीसे दिवस?"

गंगू पदर सावरून परत गेली. सोनाई मात्र हातातलं काम टाकून तिच्यामागोमाग गेली आणि दिराच्या उशाशी बसली. मग ती रोजच जाई आणि घरी येऊन एकच सांगे, "वाट बघताहेत."

घट उद्या बसायचे होते. सर्वपित्री अमावस्येला दुपारी पलीकडून रडण्याचा आवाज आला. आता मात्र बाळोबा धावला. तिथी पाहिली नाही, वार पाहिला नाही, पायांत वहाणा घातल्या नाहीत. तो पोहोचला तेव्हा रखमाजीला खाटेवरून खाली घेतलं होतं.

अंगण माणसांनी भरलं. कुणी म्हातारा म्हणाला, "अप्पा, तुम्ही जाणते. गंगूला दोन शब्द धीराचे सांगा." सगळे ऐकायला थांबले. बाळोबाने तोंड उघडलं. अख्खी पोथी पाठ असलेल्या माणसाला एक शब्द फुटेना.

मग गंगूच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सकाळी शुद्धीवर आले होते. मला विचारलं, आज तिथी कोणती? मी म्हटलं, अमावस्या. तर म्हणाले, मग आज दादा यायचा नाही. आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले."

"चुकलो रे रखमा, चुकलो मी!" बाळोबा ओरडून ओरडून म्हणत राहिला. साऱ्या गावाने ते ऐकलं. ज्याच्यासाठी होतं, त्याला मात्र ते ऐकू गेलं नाही.

तात्पर्य: शिकलेलं चांगलं दुसऱ्याला आपण लगेच सांगतो आणि स्वतः करायचं ते उद्यावर टाकतो. वेळेवर आचरणात न आणलेलं ज्ञान कितीही पाठ असलं तरी उपयोगाचं नाही. चांगलं काम सुचलं, की तोच त्याचा मुहूर्त.