नदीकडची खोली

एका गावात घोंगड्या विणणारी एक विधवा राहत होती, गोजराबाई. तिला मूलबाळ नव्हतं. ओढ एकच होती. नदीकाठच्या माहेरगावी जाऊन दोन खोल्यांचं घर बांधायचं आणि थोरल्या बहिणीला, हौसाक्काला, जवळ घेऊन उरलेले दिवस काढायचे. त्यासाठी तिने तीस वर्षं पैसा साठवला.

एके दिवशी त्रिंबकशेट नावाचा दलाल गावात आला. म्हणाला, "मावशी, पैसा गाडग्यात झोपवून काय मिळणार? राजधानीत मोठी सराई होतेय, तिच्यात एक वाटा घ्या. दर दिवाळीला भाडं येईल. गरज पडली की वाटा विका, घ्यायला दहाजण उभे राहतील. शिवाय तुमच्या वाट्याची खोली नदीकडची. तुमच्या माहेरचंच पाणी खिडकीखालून वाहतं."

नदीचं नाव निघालं आणि गोजराबाईचा अंगठा कागदावर उमटला.

तीन दिवाळ्या भाडं आलं, मग थांबलं. पाचव्या वर्षी हौसाक्काचा निरोप आला, "माझे डोळे चाललेत. सून घरात नीट राहू देत नाही. दिसतंय तोवर आपलं घर बघू दे."

गोजराबाई वाट्याचा कागद घेऊन विकायला बाजारात बसली. शेजारी कोंबड्या विकल्या गेल्या, फुटक्या घागरीही गेल्या. तिचा कागद कुणी हातात धरेना.

ती शाळेच्या पंतोजींकडे गेली. पंतोजींनी कागद वाचला आणि मान खाली घातली. "यात लिहिलंय, वाटा बाजारात विकता येणार नाही. तंटा झाला तर सहा वर्षांच्या आत पंचांपुढे जावं. गोजराबाई, माझाही वाटा आहे. शेवटचं पान मीही वाचलं नव्हतं. कुणाला सांगू नका, पोरं हसतील."

"पोरं चार दिवस हसतील, पंतोजी. सहा वर्षं उलटली की पंच दारातसुद्धा उभं करायचे नाहीत."

तिने तक्रार घातली. पंच बसले. गाव जमला. वाटे पुष्कळांनी घेतले होते, पण बोलत कुणीच नव्हतं.

त्रिंबकशेट म्हणाला, "अंगठा यांचाच आहे. मी सगळं वाचून दाखवलं होतं. वय झालं, आता आठवत नाही त्यांना."

गोजराबाई उभी राहिली. "मला सगळं आठवतं. मी फसले, हे चारचौघांत सांगते. तीस वर्षांत किडकी लोकर मला कुणी विकू शकलं नाही, आणि या माणसाने मला नदी विकली."

मग पंतोजी उठले. "मला म्हणाला, खिडकीतून देवळाचा कळस दिसतो." मागून कासार बोलला, "मला तर खिडकीखाली भर बाजारपेठ सांगितली होती."

पंचांनी विचारलं, "शेट, त्या सराईला खिडक्या आहेत तरी किती?"

"अजून भिंती पुऱ्या व्हायच्या आहेत," शेट पुटपुटला.

"मग तीन दिवाळ्या भाडं कुणी भरलं?"

चौकशीत निघालं, शेटने लोकांचाच पैसा भाडं म्हणून लोकांना वाटला होता.

पंचांनी निवाडा दिला. जे पुढे आले त्यांना रुपयातले दहा आणे परत मिळाले. जे लाजून घरी बसले होते ते सातव्या वर्षी आले, तेव्हा मुदत संपली होती.

दहा आण्यांत दोन खोल्या होईनात. गोजराबाईने एकच बांधली, पण खिडकी नदीकडे ठेवली. ती बहिणीला हाताला धरून घेऊन आली, तेव्हा हौसाक्काचे डोळे पार गेले होते. तिने भिंत चाचपली, खिडकीची चौकट चाचपली. विचारलं, "गोजरे, बाहेर काय दिसतं गं?"

"नदी."

"खरं ना?"

गोजराबाईने तिचा हात धरून खिडकीबाहेर नेला. "खोटी नदी एकदा घेतली मी, अक्का. आता ऐक."

दोघी पाण्याचा आवाज ऐकत बसल्या.

तात्पर्य: फसवल्याची लाज फसवणाऱ्याला असावी. आपण वेळेवर तोंड उघडावं. गेलेला पैसा थोडाफार परत मिळतो, गप्प राहण्यात गेलेले दिवस कुठलाच पंच परत देत नाही.