जमिनीला लागलेली कैरी

खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायला भिवा ताऱ्याची एकच होडी होती, त्या काळी आडखोल गावात आवडूबाय राहायची. तिला जमीन नव्हती, झाड नव्हतं. पण तिच्या पडवीत मातीची मडकी भिंतीला टेकून उभी असायची, आणि त्या मडक्यांत सगळ्या वाडीचा पावसाळा भरलेला असायचा, असं म्हणतात.

पावसाळा म्हणजे काय, हे त्या वेळच्या माणसांना विचारावं. खाडी फुगली की होडी बंद. बाजार पलीकडे राहिला. परसातल्या वेली कुजून गेल्या. मग घराघरांत सकाळ-संध्याकाळ नुसती तांदळाची पेज. ती पेज घशाखाली उतरायला काहीतरी हवं, म्हणून आवडूबाय वैशाखात कैऱ्या गोळा करायची. धड कैऱ्या पुसून, कोरड्या करून मिठाच्या पाण्यात घालायची, वर दगड ठेवायची, मडक्याचं तोंड फडक्याने बांधायची. मार लागलेल्या कैऱ्यांच्या फोडी उन्हात वाळवून आंबोशी करायची. रातांब्यांची आमसुलं, पिकल्या रसाची साठं. आणि आषाढात ज्याच्या घरी नसेल त्याच्या घरी वाटी जायची.

झाड नसलेल्या बाईकडे कैऱ्या कुठून यायच्या? गावाचा एक नियम होता. झाडावरचं फळ मालकाचं, जमिनीला लागलेलं फळ उचलणाऱ्याचं. हा नियम कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वाऱ्यानेच केला, असं म्हणतात.

पण गावातल्या सगळ्या बागा दादबा खोताच्या होत्या. पिकलेला आंबा गलबतात चढायचा आणि लांबच्या पेठांना जायचा. पडलेल्या कैरीशी खोताला काही देणंघेणं नव्हतं. तरी आपल्या झाडाखाली बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या दिसल्या की त्याच्या पोटात दुखायचं. एका वर्षी त्याला युक्ती सुचली. कोळ्यांची जुनी जाळी आणून त्याने प्रत्येक झाडाखाली माणसाच्या उंचीवर बांधली. कैरी पडली तरी जाळ्यात. जमिनीला लागलीच नाही, मग लोकांची कशी?

आवडूबाय टोपली घेऊन आली आणि वर बघत राहिली.

"बघतंस काय गो?" खोत हसला. "नियम तुमचोच. जमनीक लागला तर तुमचा. मी लागाक देवचंय नाय!"

"झाडां तुमची, खोतानू," ती म्हणाली. "वारो कोणाचो?"

खोत पाठ फिरवून चालता झाला. जाळ्यांत कैऱ्या साचल्या, पिवळ्या पडल्या, कुजल्या. घोंगावणाऱ्या माशांनी बागा भरल्या. खोताने त्या स्वतः नेल्या नाहीत आणि कुणाला नेऊ दिल्या नाहीत. पोरं जाळ्याखाली तोंड वर करून उभी राहायची आणि वरून कुजका रस त्यांच्या कपाळावर ठिबकायचा. काहीजण आता सांगतात की खोत तसा मनाने चांगला होता, त्याला सल्ला देणारे वाईट होते. हे खोटं आहे. चांगल्या मनाच्या माणसाला सडलेलं फळ वाटलेल्या फळापेक्षा गोड लागत नाही. आणि गावातले शहाणेसुरते तेव्हा काय करत होते? नियम मोडलेला नाही, असं एकमेकांना समजावत होते.

पण वाऱ्याने आवडूबायचा प्रश्न ऐकला होता, असं म्हणतात. वैशाख सरता सरता तो समुद्रावरून उठला. जुन्या माणसांनीही तसा वारा पाहिला नव्हता. जाळी टराटरा फाटली, काही तर पक्ष्यांसारखी उडून खाडीपार गेली. झाडांवरची झाडून सगळी फळं खाली आली. कैऱ्या उतारावरून घरंगळत निघाल्या, पाणंदीतून वळल्या आणि आवडूबायच्या अंगणात येऊन थांबल्या, जणू त्यांना वाट माहीत होती.

खोत धावत आला. पण सगळं फळ जमिनीला लागलेलं! ज्या नियमावर तो हसला होता तोच त्याला नडला. तेव्हा त्याने दुसरी गोष्ट केली. मिठागरं त्याचीच होती. त्याने मिठाच्या कोठाराला कुलूप घातलं. "खावा आता कैऱ्यो! बघूया किती दिस टिकतत!"

बायका रडायला आल्या. एवढी कैरी डोळ्यांदेखत नासणार, आणि पावसाळा तोंडावर. आवडूबायने पदर खोचला.

"रडतात कित्याक?" ती म्हणाली. "खोतान खाडीक कुलूप घातल्यान काय?"

मग भरतीचं पाणी हंड्यांनी वर आलं. वाडीने झावळ्या पेटवल्या. पाणी गाळलं, उकळलं, आटवलं, जिभेला झोंबेल इतकं खारट झाल्यावर गार केलं. हात कमी पडले, तेव्हा अमावास्येच्या उधाणाला खाडी स्वतः आवडूबायच्या अंगणात चढली, मडकी काठोकाठ भरून मागे सरली आणि जाताना उंबऱ्यावर मिठाची पांढरी रेघ ठेवून गेली, असं म्हणतात.

त्या वर्षी पाऊस थांबलाच नाही. नक्षत्रं बदलली, त्यांची वाहनं बदलली, पाऊस तोच. भिवा ताऱ्याने होडी ओढून घराला बांधली. पण वाडीत एकही घर नुसत्या पेजेवर राहिलं नाही. आवडूबायच्या मडक्यांतून कितीही काढलं तरी कैरी संपेना.

खोताच्या घरी धान्याची कणगी भरलेली होती. पण त्याची म्हातारी आई तापाने आडवी झाली. तोंडाची चव गेली, अन्न पाहिलं की मान फिरवी. सून दूध घेऊन गेली, शिरा घेऊन गेली.

"माका आवडूच्या खारातली कैरी होई," म्हातारी म्हणाली. "ती नसात तर पेज नको, औषद नको, तुमचा काय एक नको."

तिसऱ्या प्रहरी खोत भर पावसात आवडूबायच्या दारात उभा राहिला. मागोमाग गंमत बघायला निम्मी वाडी आली. खोताने कैरी मागितली नाही. त्याला मागणं ठाऊकच नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "आवशीक बरा नाय."

आवडूबाय आत गेली. मडक्यातली सगळ्यांत चांगली कैरी काढली, केळीच्या पानावर घेतली. बाहेर येऊन तिने ते पान खोताच्या हातात दिलं नाही. त्याच्या पायांपुढे, जमिनीवर ठेवलं.

"उचला, खोतानू. जमनीक लागली. आता तुमचीच."

पाऊससुद्धा क्षणभर थांबला, असं म्हणतात. आयुष्यात कुणापुढे न वाकलेला माणूस वाकला. वाकताना डोक्यावरचं पागोटं घसरलं आणि चिखलात पडलं.

"पागोटा पडला रे!" मागून भिवा तारी ओरडला. "आता जो उचलीत तेचा!"

सगळी वाडी हसली. फक्त आवडूबाय हसली नाही. तिने पागोटं उचललं, पदराने पुसलं आणि खोताच्या हातात दिलं.

"आमी पडलेला खातव, खोतानू," ती म्हणाली. "पडलेल्याक लुटणव नाय."

म्हातारी त्या कैरीवर वाटीभर पेज जेवली आणि पुढे कितीतरी वर्षं जगून मुलाला धारेवर धरत राहिली. खोताने उरलेली जाळी स्वतःच्या हाताने जाळली. आवडूबाय कधी गेली, कुठे गेली, कुणी सांगत नाही. एका उधाणात खाडीबरोबर चालत गेली, असं म्हणतात.

आजही आडखोलात वैशाखात मोठा वारा सुटला की दुसऱ्या सकाळी प्रत्येक बागेचं बेडं, म्हणजे फाटक, उघडं ठेवतात. मालकही टोपली घेऊन इतरांच्या रांगेत वाकतो. मडक्याचं तोंड बांधण्याआधी प्रत्येक घर एक धड कैरी पानावर ठेवून वाटेच्या कडेला जमिनीवर मांडतं. ती आवडूबायची. येणाऱ्याजाणाऱ्याने उचलायची, त्याला नाव-गाव विचारायचं नाही.

मध्ये बाहेरच्या एका धनिकाने इथे बाग घेतली, भोवती तारा ओढल्या आणि झाडांखाली हिरवी जाळी ताणली. कागदोपत्री सगळं बरोबर होतं. आमचे शहाणेसुरते परत एकदा तेच एकमेकांना समजावू लागले. सकाळी शाळेत निघालेली सगळी पोरं तारेला नाक लावून उभी राहिली आणि एका सुरात ओरडली, "वारो कोणाचो?"

दुसऱ्या दिवशीही ओरडली. जाळी उतरेपर्यंत रोज ओरडली.