पेलाभर गोडं पाणी

खाडीकाठी शिरवेली नावाचं एक गाव होतं आणि तिथल्या भातसंशोधन केंद्रात निरंजन सोहोनी नावाचा शास्त्रज्ञ काम करत होता. खाडीचं पाणी जमिनीत मुरायचं आणि गावाचं भात जळून जायचं. लाल भाताचं एक जुनं वाण तेवढं ते खारेपण सोसायचं. पण ते पिकायचं थोडं.

निरंजनने खाजणातल्या, म्हणजे खाडीलगतच्या दलदलीतल्या, गवताच्या मुळांवरून एक सूक्ष्म जिवाणू वेगळा काढला. तो भाताच्या मुळांशी ठेवला तर रोप खारं पाणी सोसतं, असं त्याला दिसलं. दोन वर्षं त्याने कुंड्यांमध्ये प्रयोग केले. जिवाणू घातलेली पांढऱ्या भाताची रोपं खाऱ्या मातीत हिरवीगार उभी राहिली आणि न घातलेली वाळून गेली. केंद्राचे संचालक खूश झाले. शोधाची बातमी मोठ्या सभेत जाहीर करायची, असं त्यांनी ठरवलं.

गावाचा मात्र एकदम विश्वास बसेना. याआधीही बाहेरची माणसं आली होती. कुणी खत दिलं होतं, कुणी बियाणं दिलं होतं आणि पीक बुडालं तेव्हा त्यांच्यातलं कुणी फिरकलं नव्हतं. सगळ्यांत जास्त संशय कमळीबाय गावंड यांना होता. त्या साठीच्या होत्या आणि खाडीच्या बांधालगतचं खाचर एकट्या कसत होत्या. तरीही त्यांनी खाचराचा एक कोपरा निरंजनला करून बघायला दिला. दिला तो खात्री करून घेण्यासाठी, हे त्यांनी तोंडावर सांगितलं.

आषाढात त्या कोपऱ्यात पांढऱ्या भाताची लावणी झाली. निरंजन आठवड्यातून एकदा येऊन जिवाणूंचं पाणी खाचरात सोडायचा. पाऊस होता तोवर रोपं डोलत होती. भाद्रपदात पाऊस लवकर ओसरला, माती खारावली आणि पंधरा दिवसांत तो कोपरा पिवळा पडला. शेजारचा लाल भात तसाच उभा होता.

निरंजनच्या मनात पहिला विचार आला तो कमळीबायचा. बांधात भरतीचं पाणी अडवणारं लाकडी दार होतं, त्याला गावात उघाडी म्हणत. आपलं काम खोटं ठरावं म्हणून या बाईने उघाडी वर केली असेल आणि खाडीचं पाणी आत घेतलं असेल, असं त्याला वाटलं. तो चार दिवस भरतीच्या वेळी बांधावर जाऊन बसला. दाराच्या फटींत लिंपलेला चिखल कुठेही मोडलेला नव्हता. तरी त्याचा संशय गेला नाही. शेवटी त्याने कमळीबायना सरळ विचारलं.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी हातातला विळा खाली ठेवला.

"मी दार उघडलं नाही," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही मला एक सांगा. कुंडीत ते औषध घालता, ते कशात कालवून?"

"गोड्या पाण्यात. रोज एक पेला."

"आणि ज्या कुंड्यांना औषध नाही, त्यांना तेवढं गोडं पाणी घालता का?"

 खाडीचं खारं पाणी निरंजन सगळ्याच कुंड्यांना देत होता, पण त्या कुंड्यांना वरचा गोड्या पाण्याचा पेला घालत नव्हता. लहानशा कुंडीत रोज पेलाभर गोडं पाणी गेलं, तर मातीतलं मीठ धुऊन निघणारच. खाचरात तेवढं पाणी कुठल्या कुठे जातं. रोपं जगली ती जिवाणूंमुळे की नुसत्या पाण्यामुळे, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

केंद्रावर परतताना त्याला दोन वर्षं आठवत राहिली. एकेका पानाची लांबी त्याने पट्टी लावून मोजली होती. त्या पेल्याकडे मात्र कधी संशयाने बघितलं नव्हतं, कारण निकाल त्याला हवा तसाच येत होता.

त्याने संचालकांना सगळं सांगितलं आणि सभा पुढे ढकलायची विनंती केली. संचालकांना ते पटलं नाही. एका अडाणी बाईच्या बोलण्यावरून एवढं काम थांबवायचं नसतं, असं ते म्हणाले.

"आधी जाहीर करू," ते म्हणाले, "मग हवं तर तपासत बसा."

निरंजनला गावाची कापणी दिसत होती. शोध जाहीर होऊन पांढरा भात पिकणार म्हटल्यावर लोक या वर्षी लाल भात बियाण्यासाठी राखून ठेवणार नव्हते, सगळा कांडून खाणार होते. एकदा तो घराघरांतून संपला की पुन्हा कुठून आणायचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याने जाहीर करायच्या कागदावर सही केली नाही. त्याच्याशिवाय सभा होणार नव्हती, म्हणून ती रद्द झाली. संचालक त्याच्याशी बोलेनासे झाले.

त्याने कुंड्या पुन्हा मांडल्या. काहींना जिवाणूंचं पाणी, काहींना नुसतं गोडं पाणी, काहींना खाऱ्या पाण्याशिवाय काहीच नाही. एकवीस दिवसांनी नुसत्या गोड्या पाण्यावरची रोपं जवळजवळ जिवाणूंच्या रोपांइतकीच हिरवी होती.

त्याने ग्रामसभेत उभं राहून ते सांगितलं. आपण चुकलो, लाल भाताचं बियाणं कुणीही मोडू नका, असं तो म्हणाला. कमळीबायवर आपण खोटा आळ घेतला होता, हेही त्याने सर्वांसमोर कबूल केलं. लोक कुजबुजले. काहींना यातही डाव वाटला. शोध दुसऱ्या गावाला द्यायचा असेल म्हणून आपल्याला नाही म्हणतोय, असं एकजण बोलला.  निरंजनने सगळ्या कुंड्या बैलगाडीतून आणून देवळापुढे मांडल्या आणि लोकांना हात लावून बघू दिल्या.

सभा पांगल्यावर कमळीबाय त्याच्याकडे आल्या. ती रोपं अगदी तेवढीच नाहीत, औषधाची बोटभर उंच आहेत, असं त्यांना दिसलं होतं. तेवढं तरी खरं आहे का ते बघावं, असं त्या म्हणाल्या. खाचराचा कोपरा पुन्हा द्यायला त्या तयार होत्या, पण एका अटीवर.

"बाटल्या मी भरणार," त्या म्हणाल्या. "कुठल्या बाटलीत औषध आणि कुठल्या बाटलीत नुसतं पाणी, ते कापणीपर्यंत तुम्हाला सांगणार नाही."

"बाय, माझ्यावर अजून विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या डोळ्यांवर नाही. त्यांना औषधाचंच रोप उंच दिसेल."

निरंजनने अट मान्य केली आणि या वेळी कोपऱ्यात लाल भातच लावला. तीन हंगाम बाटल्या कमळीबायनी भरल्या. जिवाणू चमत्कार करत नव्हते, पण लाल भाताच्या मुळांशी घातले तर दर पाच पेंढ्यांमागे एक पेंढी जास्त निघत होती. पुढच्या वर्षी शिरवेलीत घरोघरी ते औषध वापरलं गेलं आणि बाटल्या कमळीबायनी भरल्या होत्या म्हणून कुणी कुणाला खात्री विचारली नाही.

तात्पर्य: जो निष्कर्ष आपल्याला सर्वांत जास्त आवडतो, त्याच्यावरच सर्वांत आधी संशय घ्यावा, आणि तो संशय दुसऱ्या कुणी बोलून दाखवला, तर त्याला वैरी न समजता आपल्या कामात सामील करून घ्यावं.