शनवारी वाजलेला घाणा

फार फार वर्षांमागं, जनावरं बोलायची पण कामापुरतंच बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐका, आणि म्हाताऱ्यांनी तर जास्तच नीट ऐका.

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. गावात शनवारतेल्यांची आठ घरं होती. हे लोक यहुदी. कधीतरी त्यांच्या बापजाद्यांचं गलबत त्याच किनाऱ्यावर फुटलं. पोथ्या बुडाल्या, भाषा बुडाली, थोडी माणसं तेवढी हातपाय मारत वर आली. ती तिळाचं तेल गाळायला लागली आणि गाळतच राहिली. पण शनवारी त्यांचा घाणा बंद. चूल पेटायची नाय, बैल जुंपायचा नाय. म्हणून गावानं नाव ठेवलं शनवारतेली. सगळं विसरून एकच प्रार्थना त्यांच्या ध्यानात राहिली होती, आणि तिचा पहिला शब्द होता 'ऐक'.

त्यांची आणखी एक रीत होती. मेलेल्या माणसासाठीही ते तीच प्रार्थना म्हणत, पण तेव्हा दहा बाप्ये लागतात. नऊ असले तर ती म्हणता येत नाय. पण दहा जमले का, हे ते लोक बोटानं मोजत नसत. पहिल्यानं दुसऱ्याला नावानं हाक मारायची, "आहेस का?" त्यानं म्हणायचं "आहे", आणि मग त्यानं पुढच्याला हाक मारायची. दर शनवारी हेच, दहा असोत की सात.

सगळ्यात शेवटी नंबर यायचा एलोजीचा. हा बोलताना अडखळायचा. 'आ' वर जीभ अडकली की तिथंच अडकून बसायची. लोक थांबायचे. कुणी खोकायचं, कुणी पायावरची माशी हाकलायचं, पण थांबायचे.

एलोजीला हाक मारायचा त्याचा थोरला भाऊ हसाजी. हसाजी म्हणजे नुसता विस्तव. घाण्याची लाट, म्हणजे बैल ओढतो तो लाकडी दांडा, कुरकुरली तर लाटेला शिव्या, तीळ ओले निघाले तर आभाळाला शिव्या. पण एलोजीचा "आहे" यायला कितीही वेळ लागो, त्यावर हा माणूस जन्मात चिडला नव्हता.

घाणा दोघा भावांचा. बैल एकच, खैऱ्या. आणि गंमत बघा, एलोजी खैऱ्याशी बोलायचा तेव्हा एकदाही अडखळायचा नाय.

त्या दोघांची आई वारली तेव्हा गावात नऊच बाप्ये उरले होते. दहावा म्हातारा होता तो त्याच पावसाळ्यात आधी गेला होता. आईला तशीच माती दिली. प्रार्थना राहिली. हसाजीच्या गळ्यात तो घास अडकला तो अडकलाच. जेवताना मधेच हात थांबवून बायकोला म्हणायचा, "आईचं राहिलं गो."

त्याची सगळी आशा मुलावर होती. बनाजी बारा वर्षांचा असताना शहरात शिकायला गेला होता. सात वर्षं झाली. तो आला की दहा भरतील, आणि आईच्या वर्षाच्या दिवशी प्रार्थना होईल.

बनाजी आला. पेटीभर पोथ्या घेऊन आला. आख्खी आळी नावेवर धावली. हसाजी जो दिसेल त्याला सांगत सुटला, "दहा झाले."

पहिल्या शनवारी हाका सुरू झाल्या. सगळ्यांचं झालं, एलोजीशी येऊन अडलं. "आ... आ..." बनाजी पायाचा अंगठा आपटायला लागला. मग उठला आणि एकेकाकडे बोट करत म्हणाला, "एक, दोन, तीन, चार... झाले की दहा. याला इतका वेळ कशाला?"

शमाजी आजा सगळ्यात म्हातारा. त्याची दाढीच थरथरली. "बोट खाली कर रे. नारळ मोजतोस का आम्हाला?"

"आजा, शहरात इतका वेळ कुणाला आहे?" बनाजी म्हणाला. "आणि नुसतं 'आहे' म्हणून काय होतं? आपण कोण हे तरी माहीत आहे का इथं कुणाला?"

कुणाला माहीत नव्हतं. मग बनाजीनं शाळा काढली. रोज संध्याकाळी तेलाचे हात पुसून बाप्ये अंगणात येऊन बसायचे. आपले पूर्वज कोण, त्यांची बारा कुळं कोणती, नियम कोणता आणि तो का. चांगलंच होतं ते. बुडालेलं वर काढत होता पोरगा, त्याला कोण वाईट म्हणेल? पण महिना झाल्यावर तो म्हणाला, "आता परीक्षा. आपण कोण हे ज्याला सांगता येत नाय, तो आपल्यातला कसा? जो पास होईल तोच दहांत."

सगळे घोकून घोकून पास झाले. हसाजीनं तर बारा कुळं अशी धडाधड म्हटली की कुत्री भुंकायला लागली. मग एलोजी उभा राहिला. त्याला एकही नाव आलं नाय.

"बरं काका, शेवटचं सोपं विचारतो," बनाजी म्हणाला. "आपण शनवार का पाळतो?"

एलोजीनं डोळे मिटले. गळ्याच्या शिरा फुगल्या. बऱ्याच वेळानं शब्द बाहेर पडले. "ख... ख... खैऱ्या द... दमतो."

अंगण हसलं. पोटं धरून हसलं. आणि हसाजीही हसला.

एलोजीनं बाकी कुणाकडे बघितलं नाय, भावाकडे बघितलं. हसाजीचं हसू तोंडावरच गोठलं.

"काका दहांत नकोत," बनाजी म्हणाला.

आता बघा, ज्या माणसानं ओल्या तिळासाठी आभाळाशी भांडण केलं, तो सख्ख्या भावासाठी एक शब्द बोलला नाय. मुलगा शिकलेला. मुलाची मान उंच राहिली पाहिजे. एलोजी पायात वहाणा सरकवून निघून गेला.

"मग तुझ्या आजीची प्रार्थना?" शमाजी आजानं विचारलं. "परत नऊच झालो की."

"खाडीपलीकडे एक शिकलेले गृहस्थ आहेत, त्यांना बोलावू," बनाजी म्हणाला. "वर्षाचा दिवस शनवारीच आहे. सकाळच्या नावेनं येतील."

घरी हसाजीची बायको मलकाबाय भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाय. "रोज ओरडता तर खाडीपलीकडे ऐकू जातं. आज काय जीभ गिळलीत?"

"पोरगा शिकलाय. त्याला कळतं," हसाजी म्हणाला.

"त्याला कळतं. तुमचं काय?"

हसाजी उठून बाहेर गेला.

वर्षाचा दिवस उजाडला. नऊ बाप्ये धुतलेले कपडे घालून प्रार्थनेच्या घरात उभे राहिले. डोळे खाडीकडे. नाव आली. नावेत एकटा पोशा कोळी.

"पाव्हणे कुठायत?" हसाजीनं विचारलं.

पोशा डोकं खाजवत म्हणाला, "त्यांनी कालच निरोप दिलेला, मी जाळ्याच्या नादात विसरलो. ते बोलले, शनवारी आम्ही नावेत बसत नाय. बोलले, तुमच्या शिकलेल्या पोराला एवढं ठाऊक असायला पायजे."

नियम बनाजीला पाठ होता. गावाला त्यानंच तो शिकवला होता. दहावा माणूस मोजून मांडताना तो माणूस येणार कसा, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आईचा दिवस, आणि परत नऊ.

आणि तेवढ्यात आवाज आला. कर्र... कर्र... लाकडावर लाकूड.

शमाजी आजा खांबाला धरून खाली बसला. बायका दारात आल्या. पोशाच्या हातातलं वल्हं निसटलं, कारण गावातल्या कोळ्या-आगऱ्यांनीही हा आवाज शनवारी कधी ऐकला नव्हता. गलबत फुटल्यापासून ऐकला नव्हता. शनवारी घाणा वाजत होता. आणि तो हसाजीचाच घाणा होता.

सगळे धावले. घाण्याच्या खोपटात एलोजी उभा. खैऱ्याच्या मानेवर जू, डोळ्यांना झापडं. दोन पावलं लाट ओढून बैल मटकन खाली बसला होता. एलोजीच्या हातात काठी होती. ज्यानं उभ्या आयुष्यात त्या बैलाला एक फटका मारला नव्हता, त्यानं काठी वर उचलली होती.

तो कुणाशी बोललाच नाय. जे बोलला ते बैलाशी बोलला, म्हणून एकदाही न अडखळता बोलला. "ऊठ खैऱ्या. हे म्हणतात मी त्यांच्यातला नाय. माझा भाऊही हसला. मग मला कसला आलाय शनवार? मला आज बुधवार आहे. तुलाही बुधवार. ऊठ."

खैऱ्या म्हणाला, "मार पाहिजे तर. मी उठायचा नाय."

एलोजीची काठी वरच राहिली.

"मी कुठल्या शाळेत गेलो नाय," खैऱ्या म्हणाला. "तरी मला शनवार कळतो. शुक्रवारी दिवस कलला की तू जू उतरवतोस, मान चोळतोस, झापडं काढतोस आणि म्हणतोस, झालं खैऱ्या, आता बस बाबा. त्या हाकेवरून मला कळतं मी कुणाचा. माझी परीक्षा कुणी घेतली का? आणि ज्याच्यामुळं मला शनवार कळला त्याचीच तुम्ही घेतलीत."

एवढं बोलून तो रवंथ करायला लागला. पुन्हा म्हणून कधी बोलला नाय.

बनाजीच्या हातात पोथी होती. त्यानं ती उघडली, शनवारचा नियम काढला. तोंडपाठ होता त्याला. पण आज त्याचे डोळे एका ओळीवर अडकले. सात वर्षं त्या ओळीवरून तो भरभर पुढं गेला होता. तिथं बैलाच्या विसाव्याचंच लिहिलं होतं. एवढा बोलका पोरगा, पण आता त्याची जीभ अडखळायला लागली. "का... काका ब... बरोबर बोलले होते."

आता कुणी हसलं नाय.

हसाजी पुढं झाला. त्यानं बैलाच्या मानेवरचं जू उतरवलं, झापडं काढली. मग जशी आईच्या वेळेपासून मारायचा तशी हाक मारली.

"एलोजी, आहेस का?"

एलोजीनं त्याच्याकडं बघितलं. आणि एका झटक्यात, स्वच्छ, जराही न अडखळता म्हणाला, "नाय."

हसाजीला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. तो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तो खाली बसला. बैलाच्या शेजारी, पेंडीच्या चुऱ्यात, धुतलेल्या कपड्यांनिशी बसला आणि थांबला. त्याच्या बाजूला शमाजी आजा टेकला. मग एकेक करत सगळे बसले. बनाजी दाराशी बसला.

दुपार झाली. मलकाबायनं कालच्या भाकऱ्या आणून ठेवल्या, त्यांना कुणी हात लावला नाय. एलोजी भिंतीकडे तोंड करून बसला होता. दिवस खाडीकडे कलायला लागला. दिवस बुडाला की आईचा दिवस संपणार होता, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी घाई केली नाय.

ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा हसाजी हळूच म्हणाला, "मी हसलो रे. माझं चुकलं. आईला काय सांगू मी?" मग जरा थांबून म्हणाला, "एलोजी, आहेस का?"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बैलाचं रवंथ तेवढं ऐकू येत होतं.

"आ..." एलोजीची पाठ हलली. "आ... आ..."

कुणी खोकलं नाय. कुणी माशीही हाकलली नाय.

"आ... आहे."

तेलकट खोपटात, बैलाच्या अंगाच्या वासात, दहा बाप्ये उभे राहिले. सूर्य पाण्याला टेकायच्या आत आईची प्रार्थना पुरी झाली.

बनाजीनं शाळा चालू ठेवली, पण परीक्षा परत घेतली नाय. शाळेत येणाऱ्यानं पहिल्या दिवशी एवढंच शिकायचं, की शेजाऱ्याला नावानं हाक मारायची आणि त्याचं उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. बारा कुळं दुसऱ्या दिवसापासून.

हसाजी मात्र शेवटपर्यंत सुटला नाय. पुढं दर शनवारी एलोजीला हाक मारली की उत्तराचा पहिला आवाज येईपर्यंत त्याच्या छातीत धडधडायचं. त्याला वाटायचं, आज परत "नाय" आलं तर?

म्हणून सांगणं एवढंच: माणूस बोटानं मोजू नका, नावानं हाक मारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.