टिचूचा शेंगदाणा चाकावर

खाडीच्या काठी होता बर्फाचा कारखाना. कारखान्यात होतं मोठ्ठं इंजिन. आणि इंजिनामागच्या फटीत राहायचा टिचू उंदीर. एवढास्सा. तुमच्या अंगठ्याएवढा!

टिचूकडे होता एक शेंगदाणा. तीन दिवस जपलेला. त्याने तो इंजिनाच्या चाकाच्या भोकात लपवला. कुणी चोरू नये म्हणून, बरं का!

सकाळी पास्कू मिस्त्री आले. इंजिन चालू करायचं, तर आधी चाक जागेवर आणावं लागतं. त्यांनी पहार लावली. ढकललं चाक. गर्रर्र! खालचं भोक गेलं वर. शेंगदाणाही गेला वर!

टिचू चढायला गेला. सुर्रर्र! घसरला. पुन्हा चढला. सुर्रर्र! धप्प! रडूच आलं बिचाऱ्याला.

टिचू म्हणाला,
"चाकदादा, चाकदादा, फिर ना!
भोक खाली येत नाही,
माझा शेंगदाणा मिळत नाही!"

चाकाने डोळे बारीक केले. "हूंऽऽऽ! मला येतो संशय! तू माझं तेल चाटणार! इंजिन उठेल, तेव्हा मी फिरेन."

टिचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. आला इंजिनाकडे.

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा, उठा ना!
चाक फिरत नाही,
भोक खाली येत नाही,
माझा शेंगदाणा मिळत नाही!"

इंजिनाने डोळे बारीक केले. "हूंऽऽऽ! मला येतो संशय! तू माझ्या पोटात घर करणार! आणि मी काय आपोआप उठतो होय? हवा ढकलेल, तेव्हा मी उठेन."

टिचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. आला लोखंडी टाकीकडे. टाकीत हवा बसली होती, कोंडून, दाबून.

"हवामावशी, हवामावशी, ढकल ना!
इंजिन उठत नाही,
चाक फिरत नाही,
भोक खाली येत नाही,
माझा शेंगदाणा मिळत नाही!"

हवेने टाकीतून कान लावला. "हूंऽऽऽ! मला येतो संशय! तू मला पळवून लावणार! मिस्त्री टाकीची चावी फिरवतील, तेव्हा मी ढकलेन."

टिचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. आला पास्कू मिस्त्रींकडे. ते दमून बाकावर बसले होते, गाल फुगवून. बाहेर कोळणी ओरडत होत्या, "अहो मिस्त्री, बर्फ कधी? मासळी नासेल आमची!"

"पास्कूबाबा, पास्कूबाबा, चावी फिरवा ना!
हवा ढकलत नाही,
इंजिन उठत नाही,
चाक फिरत नाही,
भोक खाली येत नाही,
माझा शेंगदाणा मिळत नाही!"

मिस्त्रींनी डोळे बारीक केले. "हूंऽऽऽ! मला येतो संशय! तुझा डोळा माझ्या डब्यावर! टाकी अर्धीच भरली असताना चावी फिरवली, तर हवाही जाईल आणि इंजिनही उठणार नाही. काटा चढेल, तेव्हा मी चावी फिरवीन."

टिचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. टाकीवर होती गोल तबकडी. तबकडीत काटा. काटा खाली लोळत होता.

"काटेराव, काटेराव, चढा ना!
मिस्त्री चावी फिरवत नाहीत,
हवा ढकलत नाही,
इंजिन उठत नाही,
चाक फिरत नाही,
भोक खाली येत नाही,
माझा शेंगदाणा मिळत नाही!"

काटा थरथरला. "हूंऽऽऽ! मला येतो संशय! तू मला लोंबकळणार! पंप हवा भरेल, तेव्हा मी चढेन."

टिचू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. दमला हो! आला छोट्या पंपाकडे.

"पंपभाऊ, पंपभाऊ, हवा भर ना!
काटा चढत नाही,
मिस्त्री चावी फिरवत नाहीत,
हवा ढकलत नाही,
इंजिन उठत नाही,
चाक फिरत नाही,
भोक खाली येत नाही,
माझा शेंगदाणा मिळत नाही!"

पंपाने डोळे बारीक केले. अगदी बारीक. "हूंऽऽऽ! मला येतो संशय! मी भरतोय सकाळपासून. पण नळीतून हवा जाते, फुस्स! नळी कुणीतरी कुरतडलीय. बारीक बारीक दात आहेत. टिचू, आ कर बघू!"

टिचूने तोंड गच्च मिटलं.

काल दुपारी त्याचे दात शिवशिवत होते. नळी मऊ मऊ होती. त्याने कुरतडली. कुरुम कुरुम! आता काय करायचं? सांगितलं, तर मिस्त्री पिंजरा लावतील. नाही सांगितलं, तर शेंगदाणा गेला! टिचूला फार फार भीती वाटली.

तरी तो निघाला. तुरु... तुरु... तुरु...

"पास्कूबाबा," टिचू म्हणाला, "नळी मी कुरतडली."

मिस्त्रींनी टिचूकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे पाहिलं. पुन्हा टिचूकडे पाहिलं.

"गाढवा!" मिस्त्री म्हणाले. "मी तासभर नळीचं भोक शोधतोय! चल, दाखव कुठंय ते."

टिचूने भोक दाखवलं. मिस्त्रींनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. वर सुतळी बांधली. "हं, टोक धर. दातांनी धर! घट्ट!"

टिचूने धरलं. गाठ बसली. भोक बुजलं.

मग काय!

पंपाने हवा भरली, भक भक भक!
काटा चढला, टिक टिक टिक!
मिस्त्री ओरडले, "बाजूला व्हाऽऽ!" आणि चावी फिरवली, कर्रर्र!
हवेने ढकललं, फुस्सऽऽऽ!
इंजिन उठलं, धुडुक! धुडुक! धुक-धुक-धुक!
चाक फिरलं, गर्रर्र!
भोक खाली आलं,
आणि शेंगदाणा पडला, टप्प!

कोळणींनी टाळ्या पिटल्या. टिचूने शेंगदाणा उचलला. आता लपवाछपवी नाही! तिथेच बसून खाल्ला, कुडुम कुडुम.

तेवढ्यात मिस्त्रींनी त्याच्यापुढे काहीतरी ठेवलं. गोल. तपकिरी. नारळाची करवंटी! "दात शिवशिवले, तर ही कुरतडायची. नळी नाही. कळलं?"

टिचूने डोळे बारीक केले. "हूंऽऽऽ! मला येतो संशय! हा पिंजरा तर नाही?"

एक फेरी मारली. दोन फेऱ्या मारल्या. खालून वाकून पाहिलं. दार नव्हतं. कडी नव्हती.

करवंटीच होती ती. टिचूची स्वतःची. कुरुम कुरुम कुरुम!