चाळीस कंठांतले खडे

एका राज्यात मुलांना शब्दांनी मारले. तलवार नाही, तापही नाही, शब्दांनी.

त्या राज्याचा राजा वीरकेतू विद्येचा मोठा भोक्ता. त्याच्या राजशाळेत चाळीस मुले होती, सहा-सात वर्षांची. रोज सूर्योदयाला घंटा वाजे, मुले रांगेत उभी राहत आणि तीन थोर शब्दांचे अर्थ एका सुरात म्हणत. "तुलना म्हणजे दोन वस्तूंमधील साम्य व भेद यांचा विचार!" राजा सज्जातून ऐके आणि मान डोलवी. मुलांना काय कळले, हे विचारायची रीत नव्हती.

फार पूर्वी याच शाळेत पाठ चुकला म्हणून एका मुलाला कोठडीत कोंडले होते. तो पुढे मांत्रिक झाला. काळ्या डोंगरावरून त्याने शाप दिला: जो शब्द पाठ आहे पण आपला नाही, तो कंठात खडा होऊन बसेल. शाप देताच पहिला खडा त्याच्याच गळ्यात बसला. तेव्हापासून त्याच्या वतीने त्याची साळुंकी बोलत असे.

चाळीस कंठांत तीन तीन खडे बसले. मुलांचे बोलणे घोगरे झाले, श्वास अपुरा पडू लागला. पौर्णिमेपर्यंत दोन मुले गेली. राजाने घंटा आणखी जोरात वाजवायला सांगितली. आता काय म्हणावे अशा राजाला!

शाळेच्या बाई तारामती. त्यांची मुलगी कुंदा त्याच रांगेत उभी राही. एका सकाळी कुंदाचे ओठ निळे दिसले, तेव्हा बाई डोंगर चढून गेल्या.

साळुंकी म्हणाली, "कोण तू?"

"अर्थ पाठ करून घेणारी. मुलांना सोडव."

"तीन शब्द, तीन खडे. तुलना, निरीक्षण, अनुमान. एका मुलाने शब्द आपला करून वापरला, की तो खडा सगळ्यांचा गळेल. अमावास्येच्या सूर्यास्तापर्यंत मुदत."

"आणि अट?"

"अर्थ सांगायचा नाही. सांगितलास, तर तुझा आवाज माझ्या धन्याचा."

बाई परतल्या. त्यांनी वर्गात एक दुधी आणि एक लाल भोपळा ठेवला. "चला, तुलना करूया," एवढेच म्हणाल्या. मुलांनी ते उचलले, हुंगले, चिरले. माळ्याची सगुणा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुलना केली, बाई. दुधी लांब, भोपळा जड. पण बिया दोघांच्याही पोटात." चाळीसांतल्या उरलेल्या अडतीस मुलांच्या तोंडून एकेक खडा जमिनीवर पडला.

मग बाईंनी ओल्या फडक्यात मटकी बांधली. "रोज निरीक्षण करा." चौथ्या दिवशी लोहाराचा रायबा म्हणाला, "मी निरीक्षण केलं. आधी शेपटी फुटते, पान मागाहून." दुसरा खडा पडला.

तिसरा शब्द मात्र हलेना. बाईंनी झाकलेले मडके ठेवले, ओली पावले उमटवली, राखेत दाणे टाकले. मुले नुसती बघत राहिली. अमावास्या उजाडली, दुपार कलली. दोन खडे गेले तरी उरलेला दुप्पट फुगला होता. कुंदा बाईंच्या मांडीवर पडली होती आणि तिची छाती भात्यासारखी चालत होती. सूर्य डोंगराला टेकला.

वीस वर्षांची सवय ती. बाईंचा धीर सुटला आणि त्या घाईने बोलून गेल्या, "कुंदा, म्हण बाळ! अनुमान म्हणजे दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणारी—"

वाक्य तिथेच तुटले. बाईंचा आवाज खिडकीतून डोंगराकडे निघून गेला. सगळ्यांनी तो जाताना ऐकला.

बाईंनी पुन्हा तोंड उघडले. काहीच आले नाही. कुंदाने हात उचलून आईच्या गळ्यावर ठेवला. ती आईच्या ओठांकडे बघत राहिली, आणि मग तुटक तुटक बोलली.

"आवाज येत नाही. पण ओठ आधी गोल होतात, मग उघडतात. सकाळी उठवताना होतात तसेच. माझं अनुमान आहे... आई मला हाक मारतेय."

तिसरा खडा पडला. अडतीस मुलांनी एकदम श्वास घेतला, आणि त्या आवाजाने राजा सज्जातून धावत खाली आला. त्याने खडे पाहिले, दोन रिकाम्या जागा पाहिल्या. तो म्हणाला, "बाई, अपराध माझा." बाईंनी नकारार्थी मान हलवली, अपराध थोडा त्यांचाही होता. राजाने घंटा वितळवून टाकली आणि त्या दोन मुलांच्या आयांपुढे जमिनीवर बसला.

शाप फिटला, शाळा पुन्हा भरू लागली. बाई शिकवतात, वस्तू पुढे ठेवून, न बोलता. काळ्या डोंगरावरून कधी कधी त्यांच्याच आवाजात कुणीतरी एकटेच पाठ म्हणत असते. गावकरी तिकडे बघत नाहीत.

संध्याकाळी बाई दारात उभ्या राहतात आणि त्यांचे ओठ गोल होऊन उघडतात. कुंदा खेळ टाकून आधी तिकडे पाहते, आणि मोठ्याने "ओ" देते.