कानामागची कोरी जागा

एका राज्यात तीन वर्षं कुणाचाही डोळा लागला नव्हता. कोतवालाचा नाही, कुंभाराचा नाही, कुंभाराच्या गाढवाचाही नाही. माणसं अंथरूण घालीत, दिवा मालवीत, कूस बदलीत आणि पुन्हा उठून बसत. दिवसा साऱ्या राज्यात जांभया चालत. सोनाराची हातोडी सोन्याऐवजी अंगठ्यावर पडे, न्यायाधीश चोराला सोडून साक्षीदाराला कोठडीत घाली, आणि नवराबायकोचं भांडण एकदा सुरू झालं की संपत नसे, कारण निजून विसरायची सोयच उरली नव्हती.

राजाचं नाव वज्रकेतू. इतका भला राजा आजवर झाला नाही, असं जो तो म्हणे. रोज सकाळी तो पायी निघे, दारोदार जाई, प्रत्येकाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेई आणि विचारी, "काल तरी झोप लागली का?" लोकांच्या डोळ्यांत पाणी येई. आता हा राजा गादीवर बसला त्याच महिन्यात झोप गेली होती. पण ही दोन टोकं जोडायला डोकं जागेवर लागतं, आणि तीन वर्षं न निजलेल्यांचं डोकं जागेवर कुठून असणार?

वेशीबाहेर बहुरूप्यांची वस्ती होती. तिथे भिवरा नावाची बहुरूपीण आपल्या म्हाताऱ्या बापाजवळ, कोंडाजीजवळ राहायची. नवरा लढाईत गेला तो परतला नव्हता. तिला एक लेक होती, बकुळ. झोप गेली त्याच महिन्यात बकुळ जन्मली. तिच्या बारशाला खुद्द राजा आला होता आणि त्यानं तिची इवलीशी मूठ हातात धरली होती. कोंडाजी ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगायचा.

मूल झोपेत वाढतं. बकुळ कधी झोपलीच नाही, म्हणून वाढलीही नाही. तीन वर्षांची पोर तीन महिन्यांएवढी, झोळीत पडून उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे बघत राहायची. रडायचीसुद्धा नाही. अलीकडे तिचा श्वास हलका झाला होता. वैदूनं हात टेकले आणि सांगितलं, ही येत्या अमावास्येपर्यंतचीच सोबतीण. अमावास्येला सहा दिवस राहिले होते.

तेव्हा एका सकाळी एक साळुंकी झोळीच्या दोरीवर येऊन बसली आणि बोलू लागली.

"बहुरूपिणी, मी शेजारच्या राज्याची राजकन्या हेमांगी. तुमच्या राजाची वाग्दत्त वधू."

भिवरानं तिला नीट पाहून घेतलं. "बाईसाहेब, मिरवणुकीत तुम्हांला पाहिलं होतं. तेव्हा चोच नव्हती."

"राजाच्या बैठकीशेजारी शिसवी लाकडाची काळी पेटी आहे, नारळाएवढी. तो लोकांचे हात धरतो तेव्हा त्यांची झोप ओढून घेतो आणि त्या पेटीत साठवतो. रोज दुपारी दार लावून त्यातली चिमूटभर चाखतो. याआधी दुसऱ्या राज्यांतही हेच करत आला. दीडशे वर्षांचा आहे, दिसतो पंचविशीचा. स्वतः मात्र कधी निजत नाही. निजला तर वय गाठेल."

"तुम्ही पेटी उचलली असती, झालं."

"उचलायला गेले, म्हणून चोच आली. पेटीवर शाप कोरला आहे. मालकानं आपल्या हातानं दिल्याशिवाय जो शिवेल तो पक्षी होईल. राजाला अजून काही ठाऊक नाही. व्रतासाठी देवीच्या देवळात जाते, असं सांगून मी निघाले होते. लग्न आजपासून चौथ्या दिवशी आहे. माझी पालखी आणि वस्त्रं मी पुढे देवळात पाठवली होती, ती तिथेच आहेत. तू हेमांगी हो, आणि पेटी त्याच्याकडून मागून घे."

भिवरानं झोळीत पाहिलं. बकुळ आढ्याकडे बघत होती. भिवरानं रंगाची पेटी उघडली.

बहुरूप्यांचे दोन नियम असत. पहिला असा, की रंग लावताना डाव्या कानामागे बोटभर जागा कोरी ठेवायची. सोंग कितीही अंगात भिनलं तरी तेवढी जागा आपली. ती ज्यानं रंगवली, तो घरी परतत नाही. दुसरा नियम असा, की बहुरूप्यानं सोंग उतरवून पदर पसरला, की ज्यानं ते सोंग खरं मानलं त्यानं मागेल ती बिदागी द्यायची. हा दुसरा नियम साऱ्या राज्याचा होता, राजालाही लागू होता. बहुरूपी मागून मागणार काय, तर पसाभर जोंधळे, म्हणून तो आजवर कुणाला जाचला नव्हता.

"पोरी," रंग कालवून देताना कोंडाजी म्हणाला, "राक्षसाचं सोंग सोपं आसतंय. वाघाचं बी सोपं. जिवाच्या मानसाचं सोंग लई वंगाळ. जपून ऱ्हा."

"कानामागं कोरं ठिवलंय, बाबा."

"आन् तसंच ठिव."

साळुंकीनं तिला हेमांगीची चाल शिकवली, बोलणं शिकवलं, रागावल्यावर उजवी भुवई कशी चढते तेही शिकवलं. दुपारच्या आत भिवरा पालखीत बसून राजवाड्यात गेली, आणि साळुंकी खिडकीच्या कठड्यावर जाऊन बसली.

राजा पायऱ्या उतरून सामोरा आला. "उपास घडले असतील. आधी जेवून घ्या, मग बोलू," म्हणाला. भिवराच्या आयुष्यात, दाराशी आल्याबरोबर तिला जेवलीस का असं विचारणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं. तिनं मनाला बजावलं, हे हेमांगीला विचारलंय, तुला नाही. जेवण मात्र दोघींच्या वाट्याचं जेवली.

पहिल्या दिवशी तिनं लाडात येऊन मागितलं. "त्या काळ्या पेटीत काय आहे? ती मला द्या."

"आईच्या अस्थी आहेत," राजा म्हणाला, आणि त्यानं तिच्या हातात मोत्यांचा सर ठेवला. मग तिच्या कपाळावरची बट हळूच कानामागे सारली. बोट तिथेच थबकलं. "इथे रंग वेगळा दिसतो."

"जन्मखूण आहे."

"छान आहे," तो म्हणाला. पण त्यानं ती पाहिली होती, आणि भिवरानं बट पुन्हा पुढे ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती रुसून बसली. जेवली नाही, बोलली नाही, उजवी भुवई चढवून खिडकीशी बसून राहिली. राजा तिच्यासमोर जमिनीवर बसला. राजे जमिनीवर बसत नसतात, पण हा बसला, आणि गाणं म्हणू लागला, तेही थोडं बेसूर. भिवराला हसू फुटलं. तेवढ्यात दाराशी उभा असलेला सेवक जांभई देता झाला, त्याच्यामागून दासीनं दिली, भिवराला आली, आणि सर्वांच्या शेवटी राजानंही तोंडावर हात धरून एक जांभई दिली. ती एका क्षणानं उशिरा आली होती. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. पण भिवराचं सारं आयुष्य खऱ्याखोट्या जांभया देण्यात गेलं होतं.

हाही सोंग घेऊन बसलाय, हे तिला तेव्हा नजरेनं दिसलं. साळुंकीनं सांगितलेलं कानानं ऐकलं होतं, ते वेगळं. तिनं त्याच्यात कोरी जागा शोधून पाहिली. बोलण्यात नव्हती, हसण्यात नव्हती, डोळ्यांत नव्हती. इतकं बिनचूक प्रेम तिनं कुठल्या खऱ्या माणसाला करताना पाहिलं नव्हतं. तिनं त्याची धास्ती घ्यायला हवी होती. धास्ती घेतलीही. पण तो उठून गेल्यावर ती त्याच्या पावलांच्या आवाजाकडे कान लावून बसली, आणि एका जागी ठरेना. खिडकीशी जाई, पलंगाशी येई, आरशासमोर उभी राही.

"आज मुलीची आठवण काढलीस का?" साळुंकीनं विचारलं.

"काढली की," भिवरा म्हणाली. पण तिनं ती काढली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजानं पुन्हा तिची बट मागे सारली आणि म्हणाला, "उद्या लग्न. ही एवढी खूण नसती तर तुमच्यात काही उणं नव्हतं." झालं. तो गेला आणि भिवरानं रंगाची डबी काढली. संशय नको यायला, असं ती स्वतःला सांगत होती. आणि सांगायला मला काय भीड, त्याला आपण सुंदर दिसावं हेही तिच्या मनात होतं. तिनं बोट बुडवलं आणि डाव्या कानामागची जागा रंगवून टाकली.

"भिवरा, हे काय केलंस?" साळुंकी ओरडली.

"कोण भिवरा?" तिनं विचारलं, आणि टाळी वाजवली. "कुणी आहे का तिकडे? या पाखराला हाकला."

त्या दुपारी तिनं तिसऱ्यांदा पेटी मागितली. आता त्या मागण्यात डाव नव्हता, होणाऱ्या बायकोचं कुतूहल होतं. "आपल्यात आडपडदा नको. पेटी मला द्या."

"लग्नानंतर," राजा म्हणाला, आणि तिला ते पटलं. पेटी कशाला हवी होती हेच तिला आठवेना. काहीतरी राहून गेलंय असं मात्र वाटत राहिलं. चुलीवर काही ठेवून घराबाहेर पडल्यासारखा तिचा जीव सारखा वरखाली होत होता, आणि कारण सापडत नव्हतं. वस्तीत कोंडाजी झोळीची दोरी धरून बसला होता, आणि बकुळचा श्वास आता कान लावल्याशिवाय ऐकू येत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी मांडवात राजाला हळद लागली. रीतीप्रमाणे त्याची उष्टी हळद वाटीत घालून नवरीकडे आली. पुरोहिताची बायको आंब्याचं पान हळदतेलात बुडवून नवरीच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना लावत वर आली, आणि तिनं दोन्ही कानांमागे पान टेकवलं. बाकीचा रंग तीन दिवसांत अंगात मुरला होता. कानामागचा कालचाच होता. तेल लागताच तो सुटला आणि मानेवरून ओघळला.

भिवराला आधी झोळी आठवली. मग झोळीतले उघडे डोळे आठवले. मग स्वतःचं नाव. तिला वाटलं होतं, शुद्धीवर आलं की राजावरचा जीव उडेल. तो उडाला नाही. तिला तो तेव्हाही हवासा वाटत होता, आणि आपली लेक त्यानंच संपवत आणलीय हेही लख्ख दिसत होतं. दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं. ती हळदतेलाची वाटी उचलून तशीच मांडवात आली.

मांडवात सारं राज्य जमलं होतं. राजा पाटावर उभा होता. एवढ्या गर्दीत पेटी डोळ्यांआड करायची त्याची तयारी नव्हती, म्हणून ती पाटाशेजारीच ठेवली होती. भिवरानं सगळ्यांसमोर मुरलेला रंग सुटेपर्यंत वाटीतलं तेल तोंडाला चोळलं आणि शेल्यानं पुसलं. राजकन्येचा गोरा रंग उतरला, खालून सावळा चेहरा निघाला. तिनं पदर पसरला.

"महाराज, मी वेशीबाहेरची भिवरा बहुरूपीण. तीन दिवस तुम्ही माझं सोंग खरं मानलंत. सोंग संपलं. बिदागी द्या."

मग मागून कुणीतरी हसलं, आणि सगळा मांडव हसून टाळ्या वाजवू लागला. तीन वर्षांत लोक असे हसले नव्हते. राजाच्या चेहऱ्यावर काहीतरी काळं आलं आणि गेलं.

"हेमांगी कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

"खुशाल आहेत. बिदागी दिलीत की येतील."

"माग. अर्धं राज्य माग."

"राज्य घेऊन मी काय करू? ती काळी पेटी द्या. आपल्या हातानं द्या."

"ती सोडून काहीही माग."

"महाराज, पेटी नारळाएवढी. मी पसाभरच मागते आहे."

लोक कुजबुजू लागले. कोतवाल म्हणाला, "द्या महाराज, रीत आहे." एक म्हातारी म्हणाली, "आमच्या राजानं कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही." राजानं समोर पाहिलं. हजारो हात होते, जे उद्या सकाळी विश्वासानं त्याच्या हातांत येणार होते. नाही म्हटलं तर त्यातला एकही आला नसता. भिवरानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी माझं सोंग उतरवलं. तुम्हांला तुमचं सांभाळायचं आहे."

पेटी आज देऊ, उद्या हिसकावून घेऊ, असा विचार त्यानं केला असावा. तो सगळ्यांदेखत गोड हसला, पेटी उचलली आणि तिच्या पदरात ठेवली. भिवरा पक्षी झाली नाही. तिनं झाकण उघडलं.

झोप बाहेर आली. तिला रंग नव्हता, आवाज नव्हता. पुरोहित मंत्राच्या मध्यावर निजला, आचारी झाऱ्याला टेकून निजला, हत्ती गुडघे मोडून खाली बसला. पेटीबरोबर तिचा शापही सुटला; मांडवाच्या खांबावर येऊन बसलेली साळुंकी खाली उतरली आणि जमिनीला लागेपर्यंत राजकन्या झाली, आणि एक जांभई देऊन भिंतीशी कलंडली. राजाच्या वाट्याची दीडशे वर्षांची झोप सर्वांत शेवटी आली. त्याचे केस पांढरे झाले, मान कलली, आणि डोकं भिवराच्या खांद्यावर आलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर कसलं सोंग नव्हतं. तिथे एक दमलेला म्हातारा होता.

भिवरा रडली. मग तिनं शेल्याची घडी करून त्याच्या डोक्याखाली ठेवली, आणि पायात बळ होतं तोवर चालू लागली. तिलाही झोप ओढत होती. वाटेत बैल उभ्याउभ्या निजले होते, पाणवठ्यावर बाया घागरींना टेकून निजल्या होत्या. ती स्वतःला चिमटे काढत, ठेचकाळत वस्तीत पोचली.

दार उघडंच होतं. कोंडाजी झोळीची दोरी हातात धरून घोरत होता. झोळी हलत नव्हती. भिवराचा जीव उंबऱ्यावरच अडकला. मग तिनं पाहिलं, की झोळीच्या काठाबाहेर दोन पाय आले आहेत, तीन वर्षांच्या मुलीचे, आणि तळव्यांना अजून माती लागलेली नाही. बकुळचे डोळे मिटलेले होते, आणि श्वास दारापर्यंत ऐकू येत होता.

तिनं लेकीला उठवलं नाही. झोळीखाली जमिनीवर ती आडवी झाली.

तीन दिवसांनी राज्य जागं झालं, आणि हेमांगीनं गादी सांभाळली. वज्रकेतू अजून झोपला आहे, आणि त्याची कूस बदलायला कुणी जात नाही. भिवरा पुढे पुष्कळ सोंगं करती झाली, पण नवरीचं कधी केलं नाही. कहाणी इथे निजते, सांगणाऱ्याला जांभई आली आहे, आणि ती खरी आहे.